माशी बांधणाऱ्याचा पत्ता

सुटी काढून निलगिरीहून इतक्या लांब आलास आणि महाबळेश्वर सोडून ठाणे-कल्याणला काय बघायला गेलास, असं साताऱ्याच्या घरी सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, माशी बघायला. त्यावर थोरल्या वहिनींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढतो. प्रत्येकाला वेगळं सांगायला नको आणि कुणी मधेच हसायलाही नको.

मी निलगिरीत एका चहाच्या मळ्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. तिथल्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. साहेब लोकांनी विलायतेहून अंडी आणून तो आपल्या करमणुकीसाठी सोडला. अंगावर ठिपके, स्वभाव महासंशयी. गांडूळ लावलं तर तो खाईल, नाही असं नाही, पण साहेबाच्या मते गांडूळ लावणं हे सभ्य माणसाचं काम नव्हे. गळावर रेशीम आणि पिसं बांधून खोटी माशी करायची, दोरीच्या टोकाला लावून ती पाण्यावर अलगद टाकायची, आणि माशाला वाटलं पाहिजे की खरीच माशी येऊन बसली. सगळी गंमत त्या तरंगण्यात आहे. पोलादाचा गळ आणि तो पाण्यावर तरंगायला हवा! माशी बुडाली की हा मासा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आमचे डॉक्टरसाहेब स्वराज्य आल्यावर विलायतेला परत गेले. जाताना त्यांनी आपली तीन तुकड्यांची काठी आणि माश्यांची पत्र्याची डबी मला दिली. डबीत बारा माश्या होत्या. झुडपं, मासे आणि माझा वेंधळेपणा यांनी मिळून पहिल्या मोसमातच अकरा संपवल्या. मग मी स्वतः बांधायला बसलो. जखमा शिवायची सवय असलेली बोटं माझी, मला वाटलं यात काय आहे! माझ्या सगळ्या माश्या तळाला गेल्या. नावाला एकसुद्धा तरंगली नाही. उरलेली ती बारावी मात्र बशीतल्या पाण्यावर ऐटीत उभी राहायची. मला तिचा रागच यायला लागला. एक दिवस डबी पुसताना झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. नाव कसरीनं खाल्लेलं, पण खाली इंग्रजीत एवढं वाचता येत होतं: ठाणे जिल्हा. अरे, मी तर समजत होतो या माश्या विलायतेहून येतात! ठाणे जिल्ह्यात कोण बसलंय ट्राउटसाठी माश्या बांधत? डोक्यात हाच किडा घेऊन मी दिवाळीनंतर सुटी काढली.

ठाणे

ठाण्यात उतरलो तो तलावाजवळच्या एका खाणावळीत. डोंगरातून आलेल्या माणसाला इथली हवा म्हणजे ओला पंचा अंगाला गुंडाळल्यासारखी वाटते. खाडीच्या बाजूला गेलो तर मिठाचे पांढरेशुभ्र ढीग ओळीनं लागलेले, आणि त्यांच्यावर गवताची शाकारणी. आमच्याकडे वाण्याच्या पुडीत मीठ बघितलेलं, ते असं जमिनीवर पिकताना पाहून मी बराच वेळ उभा राहिलो. मिठागरावरच्या एका बाईंनी “काय हरवलं काय?” म्हणून विचारलंसुद्धा.

खाणावळीच्या मालकीणबाई जाड, प्रेमळ आणि भयंकर चौकस होत्या. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि आंबट-तिखट कालवण. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या हाताला ती भाकरी इतकी मऊ लागली की पहिला तुकडा मोडताना चुरगळलाच. माझी कापडात गुंडाळलेली काठी बघून बाईंनी विचारलं, “बासरी वाजवता का हो?”

“नाही. मी माशी बांधणारा माणूस शोधतोय. ठाणे जिल्ह्यात आहे म्हणतात.”

बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. “फार त्रास आहे का?”

“त्रास म्हणजे काय, चार वर्षं झाली. काही केल्या जमत नाही.”

“अगो बाई! माझ्या बहिणीच्या गोठ्यात असाच त्रास होता. कल्याणला जा, तिथे टांगेवाल्याला विचारा, कुणीही सांगेल. त्यांनी बांधून दिली, दुसऱ्या दिवशी सगळं शांत.”

गोठ्याचा आणि ट्राउटचा काय संबंध, हे त्याच वेळी विचारायला हवं होतं. पण पत्ता लागला या आनंदात मी कालवण आणखी वाढून घेतलं.

कल्याण

कल्याण जुनं, गजबजलेलं गाव. खाडीला पडाव लागलेले, बाजारात छावणीतल्या सिंधी निर्वासितांनी मांडलेली नवी दुकानं, आणि टांगे एवढे की चालणाऱ्यानं भिंतीला चिकटूनच चालावं. एका म्हाताऱ्या टांगेवाल्या चाचांना विचारलं, “माशी बांधणारे कुठे राहतात, ठाऊक आहे?”

“क्यों नहीं? बसा. दूर आहे थोडं, पण मानूस एक नंबर.”

तासाभरानं आम्ही भातशेतांमधल्या एका गावात पोचलो. कापणी झालेली, पेंढ्या रचलेल्या. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या देवीला गर्दी आवडत नाही म्हणे. शेणानं सारवलेल्या अंगणात साठीचा एक सडपातळ माणूस बसला होता. कपाळाला हळद, गळ्यात कवड्यांची माळ. हा मनुष्य साहेबांना माश्या पुरवत असेल? मी मनाला समजावलं, कारागिराच्या वेषावर जाऊ नये.

“हिरू भगत,” चाचांनी ओळख करून दिली. “यांना माशी बांधून पायजे.”

भगतानं माझ्याकडे नीट बघितलं. “कवापासून?”

“चार वर्षं.”

“मानसाला हाय का ढोराला?”

“माशाला,” मी म्हटलं.

भगतानं चाचांकडे बघितलं, चाचांनी आकाशाकडे. भगत शांतपणे म्हणाला, “मासा तं पान्यात असतो. त्याच्यावर माशी कशी बसंल?”

“तोच तर प्रश्न आहे!” मी ओरडलो. “ती बसायला हवी आणि बसत नाही!”

एव्हाना भगतानं सुपात तांदूळ घेऊन दोऱ्याला गाठी मारायला सुरुवात केली होती, आणि तोंडानं पुटपुटणंही चालू झालं होतं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमच्या साताऱ्याकडेही भुतं बांधतात, शिवार बांधतात, विंचवाचं विष बांधतात. हा माणूस माश्या बांधत होता! पावसाळ्यात गोठ्यात माश्यांचा उपद्रव झाला की मंतरलेला दोरा खुंट्याला बांधायचा, मग माश्या जनावराजवळ फिरकत नाहीत. माझी मेली एक माशी तरंगेना म्हणून मी इतक्या लांबून येऊन मांत्रिकापुढे बसलो होतो. मला असं हसू फुटलं की ठसकाच लागला.

डबी उघडून मी माझी बारावी माशी त्याच्यासमोर धरली. भगतानं ती निरखली. “ही तं मेलेली हाय. मेलेलीला काय बांधायची?”

तेवढ्यात गोठ्याच्या गवती झापावरून काहीतरी धपकन अंगणात पडलं. कोंबडा होता. पण कोंबडा म्हणजे केवढा! तांब्याच्या रंगाची मान, उन्हात नुसती चकाकत होती. त्यानं एक डोळा तिरका करून डबीत बघितलं आणि काय होतंय कळायच्या आत माझी शेवटची माशी चोचीत उचलून तो पळाला. मी त्याच्यामागे, चाचा माझ्यामागे. भगतानं “टाक रं!” अशी एकच हाक मारली आणि त्यानं ती टाकली. गळ टोचला असणार. माशी शाबूत होती, माझं धोतर मात्र कुंपणाला अडकून वीतभर फाटलं.

“देवीचा हाय तो,” भगत म्हणाला. “एकानं नवस बोलला, बरा झाला, आन मंग गाव सोडून गेला. आता ज्याचा नवस त्यानंच फेडायचा. तीन वरसं झाली, ह्याला कोनी सुरी लावत नाय.”

कोंबडा परत झापावर जाऊन बसला. मी त्याला मनातल्या मनात शिवी देऊन टांग्यात चढलो.

कल्याणला परत आलो तो फाटक्या धोतरानं. बाजारात एका शिंप्याकडे ते शिवायला बसलो, आणि नाद म्हणून डबीतली माशी त्यालाही दाखवली. पत्ता विचारायचा धीर आता उरला नव्हता. शिंप्यानं ती चष्म्याजवळ नेली, माशीच्या डोक्यापाशी दोरा जिथे संपतो तिथे नखानं चाचपलं आणि म्हणाला, “ही गाठ आमच्या मास्तरांची.”

“कोण मास्तर?”

“शिवणकाम ज्यांनी शिकवलं ते. दोऱ्याचं टोक असं वेढ्यांच्या पोटात ओढून घेतात, बाहेर काही दिसतच नाही. मला वीस वर्षांत जमलेलं नाही. डोंबिवलीला जा, स्टेशनापलीकडे विहिरीजवळची चाळ. दत्तू मास्तर म्हणा.”

डोंबिवली

डोंबिवली अजून शेतातच आहे. चाळीच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला विहीर आणि तिच्यावर बायकांची रांग. दत्तू मास्तरांच्या पत्नी येसूकाकू दारातच तांदूळ निवडत होत्या. मी माशीचं नाव काढताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

“ते काम आता बंद आहे.”

“मी निलगिरीहून आलोय, काकू.”

“काश्मीरहून आलात तरी बंदच आहे.” पण मग त्यांनी माझ्या धोतराच्या ताज्या शिवणीकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, “आत या, चहा घ्या. पण तो विषय नको,” असं म्हणाल्या.

मास्तर खिडकीशी बसले होते. सत्तरीचे, ताठ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि सावली एवढंच कळे. डॉक्टर म्हणत होते पिकल्याशिवाय काढता येणार नाही. विषय नको म्हणून सांगितलेलं, पण कुतूहल पोटात राहील तर मी कसला! चहाची बशी खाली ठेवायच्या आत मी बोलून गेलो, “मास्तर, तुमची माशी चार वर्षं तरंगतेय. मला बांधायला शिकवा.”

मास्तर हसले नाहीत. भिंतीवरच्या फळीकडे हात करून म्हणाले, “तो खोका काढा.”

खोक्यात माश्याच माश्या. नव्या कोऱ्या, रांगेनं लावलेल्या. वर एक इंग्रजी पत्र. डोंगरातल्या एका दुकानानं दोन ओळींत कळवलं होतं की तुमच्या माश्या हल्ली बुडतात, यापुढे पाठवू नयेत.

“तीस वर्षं बांधल्या,” मास्तर म्हणाले. “मुंबईला एका साहेबाच्या दुकानात मासेमारीच्या पिशव्या शिवायचो. त्यानंच शिकवलं. मग डोळे गेले. तेव्हा मी कुरकुर केली नाही, बोटांना सगळं येत होतं. हे पत्र आलं आणि कळलं की बोटंही गेली. डोळे गेलेले माणसाला कळतात हो. बोटं गेलेली कळलीच नाहीत, दुसऱ्यानं पत्रानं कळवावी लागली.”

काकू आत निघून गेल्या. खोक्यातली एक माशी उचलून मी काकूंच्या परातीतल्या पाण्यावर सोडली. क्षणभर राहिली, मग शेपटीकडून ओली होत सरळ खाली गेली. अगदी माझ्या माश्यांसारखी.

मग मास्तरांनीच हळूच विचारलं, “तो मासा कसा असतो हो? मी कधी पाहिला नाही.”

तीस वर्षं ज्याच्यासाठी बांधल्या तो मासा या माणसानं पाहिलेलाच नव्हता! मी सांगितलं: पोटाशी पिवळसर, अंगावर तांबडे-काळे ठिपके, आणि पाण्याखालून वर येताना आधी सावली दिसते, मग नाक. मास्तर ऐकत होते आणि त्यांची बोटं मांडीवर काहीतरी गुंडाळत होती. ती बोटं बघून मला वाटलं, यांत बिघाड असेल तर मी औषधांच्या बाटल्या उगाच ओळखतो.

दवाखान्यात आम्ही दोन रोगी शेजारी ठेवून तपासतो. इथेही तेच करायचं होतं: नवी माशी उसवायची आणि जुनी माशी उसवायची. जुनी माझ्याकडे एकच होती. चिमटा आणि कात्री काढून मी ती बराच वेळ नुसतीच धरून बसलो. खोटं कशाला सांगू, जीव तुटत होता. मग कात्री लावली.

दोन्हींचे वेढे मोजले. पिसाचे पाच आणि पाच. गाठ तीच, रेशमाला मेण तितकंच, अंग मोराच्या पिसाच्या त्याच सोललेल्या तंतूचं. फरक एकाच ठिकाणी होता. माशीच्या मानेभोवती जे पीस गुंडाळलेलं असतं, ज्याच्या ताठ केसांवर माशी पाण्यावर उभी राहते, ते जुन्या माशीत टोचत होतं आणि नव्या माशीत लोळत होतं. मी दोन्ही पिसं मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती ओठांवरून फिरवली. एकदा, दोनदा.

“हे जुनं. हे...” ते थांबले. “हे कोवळं आहे. लव आहे याला. पाणी पिणार हे.”

“पिसं कुठून आणत होता?”

“आधी दुकान द्यायचं, विलायतेहून यायची. लढाईत ती बंद झाली. जुना साठा पुरवून पुरवून वापरला. मग ही खाटकाकडून मागवायला लागली. बोटांना मऊ लागत होती, पण मला वाटलं बोटंच बधिर होतायत.”

“मास्तर, हात तोच आहे. कोंबडा पोरसवदा आहे!”

मास्तर म्हणाले, “तुमचं निदान खरं असलं तरी उपयोग काय? दोन-तीन वर्षांचा कोंबडा हवा. आपल्याकडे कोंबडा म्हातारा होईपर्यंत थांबतो कोण?”

मी ताडकन उठलो ते परात लवंडूनच. तो तांब्याच्या मानेचा चोर माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

पुन्हा भगताकडे

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला बघून हात जोडले. “फिर से माशी?”

“या वेळी कोंबडा,” मी म्हटलं.

हिरू भगतानं सगळं ऐकून घेतलं. पिसं देवीची, तेव्हा देणारा तो कोण? देवीला विचारायला हवं. गावाबाहेर आंब्याखाली शेंदूर लावलेली देवी होती. भगतानं ओल्या फुलाच्या पाकळ्या तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. आमच्याकडेही लावतात, पण लग्नाला, शेताला. कोंबड्याच्या पिसांसाठी कौल लावणारा मीच पहिला असेन.

“मूठभर पिसं दे म्हनतो हा,” भगतानं देवीला सांगितलं. पाकळ्या हलेनात. मी इकडून तिकडे येरझारा घालायला लागलो, तर भगतानं बसायला सांगितलं. अखेर डावी पडली. माझं तोंड उतरलं.

“लोभ करू नका,” भगत म्हणाला. “दहा विचारू?” दहालाही डावी.

“पाच?” मी म्हटलं. एका माशीला दोन लागतात. चार गुंडाळायला, एक शेपटीला. दोन माश्या होतील.

पाकळ्या तशाच होत्या. वारा नव्हता. चाचांनीही तंबाखू मळायचं थांबवलं होतं. माझा देवीवर फारसा विश्वास नाही, पण त्या वेळी मी तिला मनापासून विनवलं, आई, म्हाताऱ्याची बोटं तुझ्या हातात आहेत. थोड्या वेळानं उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

कोंबड्याला हे कुणी विचारलं नव्हतं. पाच पिसांना त्यानं माझ्या मनगटावर सात ओरखडे काढले, मी मोजले. निघताना भगत म्हणाला, “देवीची पिसं हायत. खोटं बोलायच्या कामाला लावू नका.”

“अहो, ही माशीच मुळात खोटी!”

“माशाला फसवा. मानसाला नको.”

डोंबिवली, खिडकीशी

मास्तरांनी फळीला बसवलेला बोटभर लोखंडी चाप काढला, त्यात गळ पकडला आणि मला शेजारी बसवलं. पहिली माशी मी बांधायची, दुसरी ते.

“दोरा ओढू नका, टेकवा,” ते म्हणत. “शेपटीला चार केस पुरे, पण ताठ. पाण्यावर माशी शेपटीवर रेलते.” मग मोराच्या पिसातला तो तंतू सोलून गळाला गुंडाळला, की खऱ्या माशीच्या पोटासारखे गडद-फिकट पट्टे आपोआप उमटतात. मग ती दोन पिसं. देठाजवळची लव सोलून टाकायची, देठ घट्ट बांधायचे आणि एकामागून एक काटकोनात गुंडाळायची. केस चहूबाजूंनी उभे राहिले पाहिजेत. त्यांची लांबी गळाच्या तोंडाच्या दीडपट, अधिक नको, उणी नको. मास्तर ती ओठांनी मोजत होते. शेवटी ती पोटात ओढून घ्यायची गाठ, आणि सुताराच्या पॉलिशचा एक थेंब.

माझी माशी झाली. जरा बावळट, एका कुशीवर झुकलेली. मास्तरांनी चाचपून म्हटलं, “ही हातभट्टीची.” काकू आतून हसल्या. मग मास्तर बांधायला बसले. डोळे मिटून. त्यांना ते मिटायची गरज नव्हती, पण मिटले. पाच वेढे, गाठ, थेंब.

काकूंनी परात पुढे केली. मास्तरांनी मान हलवली. “परातीत नको. परातीतलं पाणी उभं असतं. वाहत्या पाण्यात दाखवा.”

“इथे वाहतं पाणी कुठे?” मी विचारलं.

“खडवलीला,” काकू म्हणाल्या, आणि लगेच दशम्या बांधायला लागल्या.

खडवली

खडवली म्हणजे एक छोटं स्टेशन, चार घरं, आणि थोडं चाललं की भातसा नदी. कार्तिकातलं पाणी निवळशंख, खडकांमधून खळखळतं. मला तर माझा डोंगरातला ओढाच आठवला, फक्त उबदार. ट्राउट इथे नाही, पण बोटभर रुपेरी मासळी किडे टिपायला वर येत होती. काकू आणि मी मास्तरांना धरून एका सपाट खडकावर बसवलं. पलीकडे थोड्या अंतरावर एक बाई गुडघाभर पाण्यात कपडे धूत होती.

मी काठी जोडली. आधी माझी माशी लावली. हात मागे नेला, झोकात पुढे आणला, आणि मागच्या करंजाच्या फांदीनं ती माशी ठेवून घेतली. उंचावर. आता काढणं शक्य नव्हतं. माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते काकूंसमोर निघायला नको होते.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“हातभट्टीची झाडावर गेली.”

आता एकच उरली. ती दोरीला लावताना मी गाठ तीनदा ओढून बघितली. मास्तर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. या वेळी मी पुढे पाण्यात शिरलो, धोतर भिजू दिलं, झाडांपासून लांब आलो, आणि टाकली. दोरी लांब झाली, सरळ झाली, आणि माशी उतरली.

उतरली आणि उभी राहिली! खडकाच्या आडोशाला पाणी जिथे गोल फिरतं तिथे, शेपटीवर रेलून, सगळे केस पसरून, हलके हलके फिरत. तांब्याची ती मान उन्हात चमकली.

“मास्तर, तरंगतेय!”

मास्तरांचे हात गुडघ्यांवरच होते.

“अहो, खरंच तरंगतेय! काकू, सांगा ना!”

काकूंनी डोळ्यांवर हात धरला. “मला लांबचं कुठे दिसतं!”

मास्तर हळूच म्हणाले, “तुम्ही कंपाउंडर. रोग्याला बरं वाटेल असं बोलायची तुम्हाला सवय असते. माझी काही तक्रार नाही.”

आता काय करावं! देवीची शपथ घेऊ का? मी पाण्यात तसाच उभा, ओलाचिंब, आणि जगातली सगळ्यांत खरी गोष्ट सांगूनही खोटा ठरलेला. आणि माशी आपली निवांत फिरत होती.

तेव्हा मास्तरांनी मान वळवली. धुण्याचा आवाज येत होता तिकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “बाई, ओ बाई! तिथे समोर पाण्यावर काय आहे, जरा बघता का?”

धोपटणं थांबलं. बाईनं कमरेवर हात ठेवून बघितलं. तिला आमची गाठ, आमचं पत्र, आमचा कोंबडा, कशाचा पत्ता नव्हता.

“काय आसनार? माशी बसलीय,” ती म्हणाली. आणि हातात ओलं लुगडं घेऊन एक पाऊल पुढे आली. “हाकलू का?”

मास्तरांचे दोन्ही हात गुडघ्यांवरून वर उचलले गेले.

“नको गं बाई,” ते म्हणाले. “बसू दे.”